मोमोसे वेगळे झाले, त्याच घरात

नगरपालिकेचं फिकट हिरवं पाकीट आलं तेव्हा मोमोसे ताइझो वांग्यांना पाणी घालत होते. ते कशाचं आहे हे त्यांना न फोडताच कळलं. जूनमध्ये पेन्शनचं पत्र येतं, आपली पेन्शन वाढली असं सांगणारं. जुलैमध्ये म्हातारपणाच्या आरोग्य विम्याचं येतं, ती वाढ कुठे गेली हे सांगणारं. मधला एक महिना काय तो माणसाने आनंदात काढायचा.

यंदाच्या जूनमध्ये दर दोन महिन्यांच्या पेन्शनमागे दोन हजार सहाशे येन वाढले होते. हिरव्या पाकिटानुसार विम्याचा हप्ता एकतीसशेने वाढला होता. म्हणजे पेन्शन वाढल्यामुळे मोमोसेंच्या हातात पाचशे येन कमी पडणार होते. हे गणित त्यांनी तीनदा करून पाहिलं, कारण स्वतःच्या गणितावर त्यांचा विश्वास नव्हता. एक्केचाळीस वर्षं जुन्या पुस्तकांचं दुकान चालवलेल्या माणसाचा गणितावर विश्वास असता तर त्याने दुकान चाळीस वर्षं आधीच बंद केलं असतं. पण तिन्ही वेळा पाचशेच आले. हप्ता भरणार नाही असं ठणकावून सांगावं, तर तीही सोय नाही. पेन्शन हातात यायच्या आधीच तो कापून घेतात.

दुकानदाराला मिळणारी पेन्शन सगळ्यांत बारकी असते. ती वाचवण्यासाठी मोमोसेंनी दर जुलैला काही ना काही सोडलं होतं. आधी संध्याकाळचा साकेचा पेला सोडला. मग न्हावी सोडला. आता ते दोन आरसे लावून स्वतःच केस कापत, त्यामुळे त्यांच्या डोक्याची डावी बाजू दुसऱ्या कुणाची तरी वाटे. मागच्या वर्षी वर्तमानपत्र सोडलं. ते आता वाचनालयात जाऊन वाचावं लागे, तेही एका निवृत्त दंतवैद्याचं वाचून झाल्यावर, आणि तो बाजारभावसुद्धा सोडत नसे.

आता सोडण्यासारखं एकच उरलं होतं. दर महिन्याच्या सोळा तारखेला मोमोसे एका खाकी पाकिटात तीस हजार येन घालून देवघरात बायकोच्या फोटोपुढे ठेवत. संध्याकाळी त्यांची मुलगी फुमिए तिथून ते उचले. देणारा देताना दिसत नसे, घेणारी घेताना दिसत नसे. बायको गेल्यापासून नऊ वर्षांत त्याबद्दल दोघं एक अक्षर बोलले नव्हते. पण जेवताना दुसऱ्यांदा भात मागायचं जे धैर्य मोमोसेंच्या अंगी होतं ते सगळं त्या पाकिटावर उभं होतं. तिसाचे अठ्ठावीस झाले असते तर फुमिए काही म्हणाली नसती. तीच तर भीती होती.

शेजारचे इवादाते हे शेतकी सोसायटीच्या विमा खिडकीवरून निवृत्त झालेले गृहस्थ. कुंपणाच्या झुडपावरून मान काढून सल्ला देणं हा त्यांचा सकाळचा व्यायाम. हिरवं पाकीट पाहून ते म्हणाले की मोमोसेंचं दुखणं विम्यात नाही, फुमिएत आहे. कुटुंबप्रमुख म्हणून कागदावर तिचं नाव, ती सुपात घालायच्या सोयाबीनच्या मिसोच्या कारखान्यात हिशेबनीस, तिचा पगार बापाच्या नावापुढे दिसतो आणि सवलत मिळत नाही. उपाय सोपा होता. कागदावर वेगळं व्हायचं. घर तेच, जिना तोच, फक्त नगरपालिकेच्या नोंदीत एकाची दोन कुटुंबं. खर्च शून्य. सगळं गाव करतं.

"फक्त पुस्तकवाले, एक लक्षात ठेवा," इवादाते आवाज खाली आणून म्हणाले. "खिडकीवर विम्याचं नाव काढायचं नाही. आमचा खर्च वेगळा आहे, एवढंच म्हणायचं."

म्हणायला अवघड काहीच नव्हतं. मोमोसेंनी ते वाक्य वांग्यांसमोर दोन दिवस म्हणून पाहिलं. वांग्यांचा विश्वास बसला.

फुमिएला सांगितलं तेव्हा ती मुळा किसत होती. तिने किसणी थांबवली नाही. हप्त्यातला फरक मी भरते, त्यात काय एवढं, असं ती म्हणाली; आणि ते अगदी सहज म्हणाली. मोमोसे नको म्हणाले. का, असं तिने विचारलं. ते देवघराकडे पाहू लागले. मग फुमिएनेही तिकडे पाहिलं, आणि उरलेला मुळा किसत म्हणाली, "बरं. एक्कावन्नाव्या वर्षी बापाने घराबाहेर काढलं असं लोकांना सांगेन मी."

नगरपालिकेच्या तीन नंबरच्या खिडकीवर तोकिता नावाची मुलगी होती. सभ्य, हसरी, कानामागे पेन्सिल. तिने अर्ज वाचला आणि विचारलं की एकाच घरात राहता, तर दोघांचा खर्च वेगळा आहे का. एवढंच. होय म्हणायचं आणि सुटायचं. मोमोसेंनी तोंड उघडलं. त्यांना सकाळचं सूप आठवलं, एकाच पातेल्यातलं, आणि तोंडातून आलं ते असं: "आजपासून वेगळा केला तर चालेल का? हप्ता फार होतो हो."

तोकिताने डावीउजवीकडे पाहिलं. मोमोसेंनी भर कचेरीत कोट-पँट उतरवली असती तरी तिने असंच पाहिलं असतं. "शेवटचं वाक्य मला ऐकू आलं नाही असं समजते," ती हळू आवाजात म्हणाली, आणि घरी जाऊन नीट विचार करून या, असं सांगून तिने अर्ज परत दिला.

आता दुसऱ्या कुणी घरी जाऊन नीट खोटं बोलायची तयारी केली असती. मोमोसेंना ते जमण्यासारखं नव्हतं, हे त्यांचं त्यांना माहीत होतं. दुकानात गिऱ्हाईकाने पुस्तक चांगलं आहे का विचारलं की ते खरं सांगत, आणि गिऱ्हाईक जाई. तेव्हा त्यांनी ठरवलं की वाक्य बदलता येत नसेल तर घर बदलायचं. खर्च खरोखर वेगळा करायचा.

त्याच दिवशी त्यांनी जुन्या बाजारातून एका माणसापुरता भाताचा कुकर आणला. फ्रिजच्या मधल्या कप्प्यावर पांढरी चिकटपट्टी लावली. फुमिएला कारखान्यातून मिसो फुकट मिळे. ते खाणं म्हणजे एकत्र खर्च, म्हणून त्यांनी दुकानातून दुसऱ्याच कारखान्याचं आणलं. त्याला भिजलेल्या पुठ्ठ्याची चव होती, पण ती त्यांची स्वतःची होती. आंघोळीच्या टबाचा प्रश्न मोठा होता. गरम पाणी एकदाच भरायचं. आधी मोमोसे, मग फुमिए, हे चाळीस वर्षांचं. आता ते पाणी कुणाचं? बऱ्याच विचारानंतर मोमोसे रोज न्हाणीघराबाहेरच्या बरणीत चाळीस येन टाकू लागले. फुमिएने तिसऱ्या दिवशी बरणीत डोकावून पाहिलं आणि साबणाचे वेगळे पडतील असं कळवलं.

सोमवारी सकाळी सात वाजता दोन कुकर, एक किटली आणि फुमिएचा केस वाळवायचा ड्रायर एकदम चालू झाले आणि घरातली वीज गेली. फुमिए अर्धे केस ओले घेऊन दारात आली. "बाबा, तुमच्या घरची वीज माझ्या घरात येऊन मेली," ती म्हणाली. मीटर वाढवून घ्यावं लागलं. त्याचं बिल नेमकं निम्मं करताना शेवटी एक येन उरला. तो कुणाचा यावर बोलणी झाली आणि तो बरणीत गेला.

जेवायला मात्र दोघं एकाच टेबलाला बसत, कारण टेबल एकच होतं. एका संध्याकाळी फुमिएने भाजलेल्या मासळीचा अर्धा तुकडा टेबलावरून त्यांच्या बाजूला सरकवला. मोमोसेंनी जेवायच्या काड्या खाली ठेवल्या आणि असं चालणार नाही म्हणाले.

"शेजाऱ्याकडून आलंय," फुमिए म्हणाली. "शेजाऱ्याचं परत करतात का?"

त्यांनी खाल्लं. पुठ्ठ्याच्या सूपबरोबर मासळी फार चांगली लागली.

सप्टेंबरात ते पुन्हा तीन नंबरच्या खिडकीवर गेले. तोकिताने तोच प्रश्न विचारला. मोमोसेंनी दोन पानी निवेदन काढलं, सोबत फ्रिजचा नकाशा आणि बरणीतल्या नाण्यांची तारीखवार नोंद. तोकिताने नकाशा बराच वेळ पाहिला. मग म्हणाली, "मोमोसेसान, तुम्ही नुसतं होय म्हणाला असतात तरी झालं असतं." आणि शिक्का मारला.

मोमोसे कुटुंबप्रमुख झाले. कुटुंबात ते एकटेच, पण प्रमुख. वर्षाला अठ्ठावन्न हजार येन वाचणार होते. सोळा तारखेचं पाकीट सुरक्षित होतं. परत येताना त्यांनी बसऐवजी चालत यायचं ठरवलं, आणि नदीच्या पुलावर कुणी पाहत नाही असं बघून थोडा वेळ हात मागे बांधून उभे राहिले.

हा अभिमान गुरुवारपर्यंत टिकला. कचऱ्याचे दिवस दोन, सोमवार आणि गुरुवार.

त्या गावात कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीवर कुटुंबाचं नाव लिहावं लागतं. दोन कुटुंबं, म्हणून मोमोसेंनी प्रामाणिकपणे दोन पिशव्या ठेवल्या, एकीवर ‘मोमोसे ताइझो’, दुसरीवर ‘मोमोसे फुमिए’. गल्लीच्या गटप्रमुख कुझुहाराबाई, वय एक्क्याऐंशी, सकाळी साडेसहापासून दंडाला हिरवा पट्टा बांधून तिथे उभ्या असत. त्यांनी दोन्ही पिशव्या पाहिल्या, आणि दुपारपर्यंत सगळ्या गल्लीला कळलं की मोमोसेंच्या मुलीने म्हाताऱ्याला वेगळा काढला.

मग भोपळे येऊ लागले. शिजवलेले, साखर घातलेले, झाकण लावून. समोरच्या बाई डबा देताना हात हातात घेऊन म्हणाल्या की मुली अशा कशा होतात कळत नाही. मोमोसेंना खरं काय ते सांगायचं होतं, पण कुणी हात हातात घेतला की त्यांचा आवाज जाई. त्यांनी पाच दिवसांत चार भोपळे घेतले. पाचव्या दिवशी फुमिए कारखान्यातून आली ती हसतच. तिथल्या एका वयस्क बाईंनी तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं की बाप काही कायमचा नसतो. ती सगळं नक्कल करून सांगत होती. पण तिच्या वाडग्यात भात अर्धा तसाच राहिला, आणि मोमोसेंनी तो पाहिला.

दुसऱ्या दिवशी कुझुहाराबाई स्वतः आल्या आणि एक कागद देऊन गेल्या. गल्लीच्या मंडळात नवीन येणाऱ्या कुटुंबाची प्रवेश फी तीस हजार येन. वर्षाची वर्गणी शहाण्णवशे. सभागृहाच्या छपरासाठी बारा हजार. वर्षातून दोनदा पाण्याचा पाट साफ करायला घरटी एक माणूस. न आल्यास प्रत्येक वेळी तीन हजार. मोमोसेंच्या गुडघ्यांनी पाटात उतरणं कधीच सोडलं होतं. बेरीज झाली सत्तावन्न हजार सहाशे.

वाचले चारशे येन. आणि ते मीटर वाढवण्यात गेले होते.

मोमोसे त्या गल्लीत सेहेचाळीस वर्षं राहत होते. सभागृहाची वीट बसवली तेव्हा त्यांनीच आठवणीदाखल तीन पेट्या पुस्तकं दिली होती, जी अजून कुणी उघडली नव्हती. त्यांना नवीन रहिवासी म्हणून तीस हजारांचं बिल आलं होतं. आधी त्यांना स्वतःचंच काहीतरी चुकलं असं वाटलं, कारण त्यांना आधी तसंच वाटे. कागद पुन्हा वाचला. मग आणखी एकदा. आणि तिसऱ्या वेळी त्यांच्या मानेपाशी काहीतरी गरम झालं, जे तिथे बऱ्याच वर्षांत झालं नव्हतं.

त्यांनी मंडळाला अर्ज लिहिला: एका छपराखाली राहणाऱ्या कुटुंबांकडून वर्गणी आणि फी एकदाच घ्यावी. इवादाते खजिनदार होते. त्यांनी कुंपणावरून अर्ज वाचला, मुद्दा बिनतोड आहे म्हणाले, आणि सभेत तुम्ही बोलू नका, मी मांडतो, असं स्वतःहून सांगितलं.

सभा ऑक्टोबरातल्या रविवारी सकाळी भरली. गल्लीत बारा घरं होती, आता यादीवर तेरा. नावं वेगळी म्हणून बसायच्या उशाही वेगळ्या. फुमिएची दोन रांगा मागे. चहा झाला, तांदळाच्या कुरकुरीत चकत्या झाल्या, उंदरांच्या बंदोबस्ताचा विषय झाला. मग कुझुहाराबाईंनी मोमोसेंचा अर्ज पुकारला आणि कोण मांडणार म्हणून विचारलं.

इवादाते कपातली चहाची पानं पाहत होते. मोमोसेंनी घसा खाकरला. इवादातेंनी कप थोडा फिरवून पानांची दुसरी बाजू पाहिली. खजिनदार ह्या नात्याने, ते कपाला म्हणाले, मंडळाचं उत्पन्न कमी होईल असं काही मांडणं आपल्याला शोभणार नाही.

तेव्हा मोमोसे उठले. कागद हातात होता, पण त्यांनी तो घडी करून खिशात घातला. ते फार हळू बोलले. कमी ऐकू येणारे पुढे सरकले.

मुलीने मला काढलं नाही, ते म्हणाले. मीच वेगळा झालो, सहा पावलांवर. दर वर्षी पेन्शन वाढते आणि दर वर्षी त्याहून जास्त कापलं जातं. साके गेली, न्हावी गेला, पेपर गेला. ह्यानंतर मुलीच्या ताटात हात घालावा लागला असता, आणि तो मला घालायचा नाही. म्हणून कागद भरला. हे खिडकीवर बोलायचं नसतं असं सांगतात. इथे बोलतो. कुणाला भोपळा द्यायचा असेल तर दोघांना मिळून द्या.

मागून फुमिए म्हणाली, "आणि मीठ कमी घाला. त्यांना रक्तदाब आहे." दोन-तीन जण हसले, समोरच्या बाई हसल्या नाहीत, त्या खाली पाहत होत्या.

कुझुहाराबाईंनी हात वर करायला सांगितले. बाजूने सहा, त्यात फुमिए. विरुद्ध सहा, त्यात कुझुहाराबाई आणि, नजर अजून कपातच ठेवून, इवादाते. मोमोसेंनी हात वर केलाच नव्हता. आपल्याच कामासाठी आपणच हात वर करणं त्यांना चांगलं दिसेना. समसमान, म्हणजे अर्ज नामंजूर, असं कुझुहाराबाई लिहू लागल्या. मोमोसेंनी त्यांची पेन्सिल चालताना पाहिली आणि हात वर केला.

बाई थांबल्या. "मोमोसेसान, तुमच्या घरचं मत झालं. फुमिएसानने दिलं. एका घराची दोन मतं कशी होतील?"

"तीस हजार मागताना आम्ही दोन घरं होतो," मोमोसे म्हणाले. "पाट साफ करताना दोन. छपरासाठी दोन. मग हात वर करतानाच एक कसं झालो?"

बाईंनी यादी पाहिली. तेरा नावं होती, आणि तेरावं त्यांच्याच अक्षरातलं होतं. त्यांनी खोडरबर काढला, लिहिलेलं खोडलं, भुसा फुंकला आणि लिहिलं: सात विरुद्ध सहा, मंजूर. त्या बाईंबद्दल कुणी काही म्हणो, नियम म्हणजे नियम.

लोक उठू लागले तसं त्यांनी पुन्हा बसायला सांगितलं. पिशवीतून हिरवा पट्टा, हातमोजे आणि कचऱ्याच्या जागेची किल्ली काढली. पट्टा त्या तीन वर्षं बांधत होत्या, कारण पाळी घ्यायला कुणीच पुढे येत नव्हतं. पाळी दर एप्रिलला बदलायची, पुढची इवादातेंची होती, आणि त्यांची कंबर एप्रिल जवळ आला की दुखे. "वर्गणी एक झाली," बाई म्हणाल्या. "पाळीबद्दल ठरावात काही नाही. नवीन कुटुंबाची पाळी आधी लागते. दोन घरं म्हणालात ना?"

मोमोसेंनी मागे फुमिएकडे पाहिलं. तिने खांदे उडवले. ती दुसऱ्या घरची होती. चारचौघांत कुणाला काही सांगायचं म्हटलं तर ज्या माणसाला आदल्या रात्री झोप येत नसे, त्याने हात पुढे केला आणि पट्टा घेतला.

सोळा तारखेला देवघरात तीस हजार पुरते गेले, आणि संध्याकाळी उचलले गेले. त्याबद्दल अर्थातच कुणी बोललं नाही. विमा येत्या जुलैत पुन्हा वाढेल हे मोमोसेंना माहीत आहे. त्यांनी तोकिताला विचारून आणखी दोन अर्जांचे नमुने आणून ठेवलेत, आणि हल्ली गल्लीतले दोघे-तिघे म्हातारे संध्याकाळी वांगी बघायच्या निमित्ताने येऊन फ्रिजचा नकाशा पाहून जातात.

पहिल्या सोमवारी ते साडेसहाला कचऱ्याच्या जागी उभे होते. पट्टा दोनदा घसरला, म्हणून फुमिएची टाचणी लावलेली होती. थंडी पडायला लागली होती. पिशव्या येत गेल्या, लोक वाकून नमस्कार करत गेले, मोमोसे त्यांच्याहून जास्त वाकत गेले. सगळ्यांत शेवटी इवादाते आले. पट्टा शोभतो हो पुस्तकवाले, म्हणाले, आणि पिशवी ठेवून वळले. पिशवीत लोणच्याची काचेची बरणी होती. पिवळ्या पिशवीतून झाकणाचा लाल रंग स्वच्छ दिसत होता.

"इवादातेसान," मोमोसे म्हणाले. "काच महिन्यातल्या दुसऱ्या गुरुवारी."

"अहो, एकच बरणी आहे."

"परत न्या."

एवढं बोलून झाल्यावर मोमोसे नेहमी ‘माफ करा’ म्हणत. इवादाते त्यासाठी चेहऱ्यावर हसू ठेवून थांबले. मोमोसेही थांबले. रस्त्यावरून दुधाची गाडी गेली, वळली, दिसेनाशी झाली. इवादातेंनी पिशवी उचलली.